कापराची पुरचुंडी आधी गळ्यातून सोड

प्रश्न : मावशी, माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. दिवाळीनंतर तिला पाळणाघरात घातलं, तेव्हापासून ही तिसरी सर्दी. आज चौथा दिवस. पहिले दोन दिवस ताप होता, आता नाही. दिवसा खेळते, पण रात्री नाक चोंदतं, दूध ओढता येत नाही, तासातासाला उठते. सासूबाईंनी ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधलीय. देवासहून आई फोनवर मध चाटव म्हणते. शेजारच्या भाभींनी त्यांच्या मुलाची उरलेली खोकल्याची बाटली आणून दिलीय. कालपासून शेंबूड हिरवट झालाय. कुणाचं ऐकू? आणि घरचे उपाय किती दिवस करत बसायचे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अंक छापून तुझ्या हातात पडेपर्यंत ही सर्दी गेलेली असेल. पण चौथी यायचीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षात सात-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. त्यात तुझं काही चुकलेलं नाही आणि पाळणाघरवालीचंही नाही.

आधी ती पुरचुंडी सोड. सासूबाईंना सांग, रामबागेतल्या मावशीने सांगितलंय, भांडायचं तर माझ्याशी भांडा. मुलांच्या वॉर्डात मी तीस वर्षं नर्स होते. एका दिवाळीत दोन वर्षांचा मुलगा झटके देत आला. ताप नाही, मार नाही. डॉक्टर आईला प्रश्नावर प्रश्न विचारत होते आणि मी त्याची मूठ उघडत होते. बोटं चिकट होती, वास देवघराचा. आरतीच्या तबकातली कापराची वडी त्याने चोखली होती. मूल वाचलं, पण ती मूठ मी विसरले नाही. कापूर पोटात गेला की काही मिनिटांत फिट येऊ शकते, आणि तुझ्या लेकीच्या वयाला हाताला लागेल ते तोंडात जातंच. छातीला चोळायच्या बामातही कापूर असतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तो लावायचा नाही. शिवाय गळ्यात दोरी बांधून मूल झोपवणं, हे तर कापूर नसला तरी नको.

सासूबाईंचा मान राखायचा असेल तर नुसता ओवा तव्यावर भाजून मलमलीच्या फडक्यात बांध आणि तिचा हात पोचणार नाही अशा खुंटीला टांग. खोलीत वास बरा येतो. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

आईचं म्हणणं मात्र बरोबर आहे. वर्ष उलटलेल्या मुलाला झोपायच्या आधी अर्धा चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. नुसता चाटव किंवा कोमट पाण्यात दे. त्यात सुंठ, मिरी, हळद, अडुळसा असं सगळं घालून काढा करत बसू नकोस, घसा आणखी चुरचुरेल.

भाभींची बाटली परत कर. रागावल्या तरी चालेल. आपल्याच राज्यात छिंदवाड्याला २०२५ साली काय झालं ते आठव. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं आणि किडन्या निकामी होऊन लेकरं गेली. त्यानंतर ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नका, आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नकोतच. औषध चांगलं निघालं तरी एवढ्या लहान मुलाला त्याचा उपयोग नसतो, गुंगी मात्र येते. आणि दुसऱ्याच्या मुलाचं उरलेलं तर कधीच नाही.

आता नाकाचं. तुझं खरं दुखणं तेच आहे. एवढ्या लहान मुलाला शिंकरता येत नाही, म्हणून शेंबूड आत साचतो, आणि नाक बंद असलं की तोंडाने दूध ओढायचं की श्वास घ्यायचा, असा पेच होतो. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे थेंब मागून घे. नुसते सलाइनचे हवेत, चोंदलेलं नाक उघडणारे औषधी थेंब नकोत. दुकानदार घाईत तेच देतो, तेव्हा बाटली वाचून घे. बाटली वापरण्याआधी मिनिटभर मुठीत धर. गार थेंब नाकात पडला की मूल दचकतं आणि मग तुला बाटली घेऊन येताना पाहिलं तरी किंचाळतं. तिला दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळ, खांद्यांखाली टॉवेलची घडी ठेव म्हणजे डोकं जरासं मागे झुकेल. एकेका नाकपुडीत दोन थेंब. मग मिनिटभर थांब, हवं तर गाणं म्हण. मऊ झालेला शेंबूड मलमलीच्या टोकाने पुसून घे, किंवा नाक साफ करायच्या रबरी फुग्याने ओढ. फुगा आधी दाबायचा, मग नाकाच्या तोंडाशी लावायचा, मग सोडायचा. आत खुपसायचा नाही. दूध पाजण्याच्या पाव तास आधी एकदा आणि झोपवताना एकदा. फार वेळा ओढलंस तर नाक आतून सुजेल.

नाकात तेल-तूप मात्र घालू नकोस. माझ्या थोरल्याच्या नाकात मी स्वतः कोमट मोहरीचं तेल सोडलंय, सासूबाई म्हणाल्या म्हणून. त्याला काही झालं नाही, हे नशीब. तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो, तोही लवकर न हटणारा. शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी देणंही सोडा. सुजलेल्या नाकाला धूर हा धूरच. आणि उकळत्या भगोन्यावर मूल धरून वाफ देऊ नकोस. लाथेने भगोनं उलटून भाजलेली लेकरं वॉर्डात दर हिवाळ्यात यायची. वाफ द्यायचीच तर न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून घे आणि तिला कडेवर घेऊन पाच-दहा मिनिटं नळापासून लांब बस.

खाणं जबरदस्तीने नको. मुगाच्या डाळीचं कढण, वरून थोडं तूप आणि लसणाची फोडणी, मऊ भात, दूध. थोडं थोडं, वारंवार. केळं आणि दही खाल्ल्याने सर्दी होते यावर आपल्या घरांतून महायुद्धं झालीत. सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही. तिला दही आवडत असेल तर दे, फ्रीजमधून काढून लगेच देऊ नकोस एवढंच. कपड्यांचंही तसंच. इथे डिसेंबरात दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. मानेमागे हात घालून बघ, घाम असेल तर एक थर काढ.

हिरव्या शेंबडाला घाबरू नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी तो तसा होतोच, आणि तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. सर्दी सात ते दहा दिवस राहते, खोकला कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तुझी लेक खेळतेय, हे मला सगळ्यात आवडलं.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच शिकून घे. ती शांत झोपली की झबलं वर कर आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोज. तिच्या वयाला चाळीस किंवा जास्त भरले, किंवा श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडताना दिसला, तर घरचे उपाय तिथेच थांबले, लगेच डॉक्टर. ओठ निळसर झाले, दूध पूर्ण सोडलं, लंगोट सहा-आठ तास कोरडाच राहिला, तरीही तसंच, रात्र असली तरी. गेलेला ताप पुन्हा आला, कान ओढून रडायला लागली, किंवा दहा दिवसांनीही नाक सुधारत नसेल, तर सकाळची वेळ घेऊन दाखव.

प्रश्न : माझा नातू सात महिन्यांचा, सर्दीने हैराण आहे. आमच्या घरी सगळ्या मुलांना अंगठी मधात बुडवून चाटवली, छातीला ब्रँडी चोळली. सूनबाई दोन्हीला नाही म्हणतात. तुमचं मत?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : आजोबा, सूनबाई बरोबर आहेत. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथे विष तयार होतं, त्याने अंग लुळं पडतं. मध गरम करूनही ते मरत नाहीत. ब्रँडी बाळाच्या पातळ कातडीतून आत शिरते आणि तिच्या वाफाही नाकात जातात, तेव्हा तीही नको. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आईचं दूध, बस्स. श्वास मोजायचा तर या वयाला मर्यादा पन्नासची.

तुमच्यासाठीही काम आहे. रात्री चोंदल्याने रडू लागला की त्याला खांद्याशी उभा धरून फिरवा. आडव्यापेक्षा उभ्याने नाक मोकळं राहतं. आधी हात साबणाने धुवा, आणि तपकीर ओढत असाल तर सदराही बदला.