टप, कप्पा आणि झाकण: वाचकांचे प्रश्न

घडीच्या टपाच्या, म्हणजे छत मिटवता येणाऱ्या, गाड्यांविषयी नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. टप मिटून जिथे जातो तो कप्पा, कप्प्यावर बसणारा मोठा पाट म्हणजे झाकण, आणि टपाच्या दांड्यांसाठी दोन्ही बाजूंना ठेवलेल्या फटीवर बसतो तो फ्लॅप, असे शब्द उत्तरांत वापरले आहेत.

प्रश्न : माझी सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी टपाची, गाडी दहा वर्षं जुनी आहे. बटण दाबलं की काचा खाली येतात, मागचं झाकण वीतभर उचलतं आणि तिथेच थांबतं. संध्याकाळी मात्र कधीकधी सगळं सुरळीत होतं. गॅरेजवाले हायड्रॉलिक पंप बदला म्हणतात. बदलावा का? — वाचक, धरमपेठ

इतक्यात नको. झाकण वीतभर उचललं जातंय, म्हणजे त्याचं कुलूप सुटलंय आणि सुरुवातीचा दाबही तयार होतोय. दोष पुढे कुठेतरी आहे.

अशा गाडीत क्रम साधारण असा असतो : काचा खाली, टपाची मागची कमान (कापडाची मागची कड ताणून धरणारा दांडा) वर, मग झाकण पुढच्या कडेने उचलून मागे कलतं, टपाची घडी कप्प्यात उतरते आणि झाकण पुन्हा बसतं. प्रत्येक पायरी पुरी झाल्याचा इशारा हालचाल टोकाला पोहोचली की दाबला जाणारा लिमिट स्विच किंवा चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर देतो. ठरलेल्या वेळात तो आला नाही की कंट्रोल युनिट सगळं जागच्या जागी थांबवतं. थांबवलं नाही तर टपाचे लोखंडी दांडे अर्ध्या उघड्या झाकणावर आदळतील. म्हणून झाकण अडलं की दोन गोष्टी वेगळ्या करून बघायच्या : झाकण खरंच हललं नाही, की हललं पण युनिटला कळलं नाही?

आधी आवाज ऐका. डिकी उघडी ठेवता येत असेल तर पंपाजवळ कान द्या. मोटर मोकळी, एका सुरात फिरतेय आणि झाकण हलत नाही, तर तेल कमी आहे किंवा सिलिंडरच्या आतल्या सीलमधून दाब निसटतोय. मोटर कण्हतेय, तर काहीतरी अडकलंय किंवा बिजागरी जाम आहे. मोटर गप्पच झाली, तर वीज, रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू करणारा स्विच), सेन्सर किंवा उष्णतेचं संरक्षण. झाकणाची एक बाजू वर आणि दुसरी मागे राहत असेल तर बटण लगेच सोडा. तसंच रेटत राहिलात तर बिजागरीचा पत्रा पिळवटतो आणि मग झाकण पुन्हा सरळ बसवणं फार अवघड होतं.

संध्याकाळी चालतं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा धागा. नवतप्यात गाडी उन्हात उभी राहिली की पंप आधीच तापलेला असतो. लागोपाठ दोन-तीनदा टप चालवला की त्याचं संरक्षण मोटर बंद करतं. तेव्हा आवाज येत नाही आणि पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवली की चालू होतं. पण मोटर फिरतेय आणि झाकण मात्र हळू होत थांबतं, असं असेल तर तापून पातळ झालेलं तेल झिजलेल्या सीलमधून मागे येतंय. सकाळी थंड गाडीत झाकण उघडायला किती सेकंद लागतात ते मोजा, दुपारी पुन्हा मोजा. व्होल्टेज सारखं असून वेळेत मोठा फरक पडला तर संशय झाकणाच्या सिलिंडरवर घ्या. सिलिंडरला बहुतेक वेळा नवं सील बसतं आणि ते पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

व्होल्टेजचं बोललो तर : बंद गाडीत बॅटरी १२.६ च्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. तपासणी इंजिन चालू ठेवूनच करा. झाकण उचलताना पंपाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर ११ च्या खाली गेला तर आधी बॅटरी, मग अर्थिंगचा बोल्ट आणि रिले बघा.

दोन साध्या जागा गॅरेजमध्येही सुटतात. एक, डिकीतला सामान वेगळं ठेवणारा पडदा किंवा फळी. ती पूर्ण खाली बसून तिचा स्विच दाबला गेला नाही तर अनेक गाड्यांत टप हलतच नाही किंवा मध्येच थांबतो. दुसरी, झाकणाच्या बिजागरीपाशी वाकणारं वायरिंग. वरचं आवरण शाबूत दिसतं, आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरच्या चालू नोंदी, लावा, झाकण हाताने हळूहळू पूर्ण उघडा आणि वायर हलवत बघत राहा. झाकण पुरतं उघडूनही नोंद बदलत नसेल, तर पंपाला हात लावायचं कारणच नाही.

तेल घालायचं झालं तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, खनिज तेलाची सीलं त्याने फुगून खराब होतात. पातळी टप उघडा असताना पाहायची की मिटलेला, तेही पुस्तिकेतच बघा. दांडे आत-बाहेर होतात तशी टाकीतली पातळी बदलते. चुकीच्या स्थितीत भरलेलं तेल नंतर डिकीच्या गालिच्यावर येतं.

प्रश्न : प्रकल्पासाठी घडीच्या टपाचं छोटं मॉडेल करते आहे. टपाला एक मोटर आहे. बाजूचा फ्लॅप त्याच मोटरवर, वेगळी वीज न लावता, योग्य वेळी उघडून परत मिटावा अशी कल्पना आहे. कसं जमेल? — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बजाजनगर

प्रश्नाचा गाभा "उघडून परत" या दोन शब्दांत आहे. टपाचा मुख्य दांडा एकाच दिशेने फिरतो, फ्लॅपला मात्र जाऊन यायचंय. काही गाड्यांत टप वर असताना दांडा त्या फटीतच उभा असतो. तिथे फ्लॅप आधीपासून उघडा राहतो आणि टप आत गेला की मिटतो, म्हणजे त्याला एकाच दिशेची हालचाल पुरते. तुमच्या मॉडेलात तसं नाही.

यावर सगळ्यात सुटसुटीत उपाय डेड सेंटरचा, म्हणजे क्रँक आणि जोडदांडा एका रेषेत येतात त्या बिंदूचा. मुख्य दांड्याच्या धुरीवर एक छोटी क्रँक (धुरीबरोबर फिरणारी भुजा) घ्या, तिच्यापासून फ्लॅपच्या भुजेपर्यंत जोडदांडा न्या. क्रँक आणि जोडदांडा एका रेषेत आले की फ्लॅप पूर्ण उघडा. क्रँक पुढे फिरत राहिली की तो आपोआप परत येतो. त्या बिंदूच्या आसपास फ्लॅप जवळजवळ स्थिर असतो, आणि टपाचा दांडा फटीतून जाण्यासाठी नेमका तोच वेळ हवा असतो.

आकडे असे धरा : क्रँक २० मिमी, जोडदांडा १०० मिमी, फ्लॅपची भुजा १५ मिमी, मुख्य दांड्याचं फिरणं १३० अंश, डेड सेंटरच्या दोन्ही बाजूंना ६५-६५. क्रँक आणि दांडा लांबवलेल्या स्थितीत एका रेषेत येतील अशी रचना ठेवा. मग फ्लॅपच्या भुजेचं टोक सुमारे १३ मिमी सरकतं आणि फ्लॅप साधारण ५० अंश उघडतो. क्रँक दांड्यावर दुमडून एका रेषेत आली, तर तेच सरकणं १० मिमीच्या आत राहतं. हालचालीच्या मध्यावर भुजा जोडदांड्याला काटकोनात राहील असं बसवा. दोघांमधला कोन कुठेही ४५ अंशांखाली गेला की पिनवर भार वाढतो आणि सांधा आखडतो.

आता मुख्य अडचण. मिटताना, शेवटच्या क्षणी, या रचनेत फ्लॅपचा वेग बराच असतो. तो रबरावर आपटतो आणि टपाचा प्रवास दोन अंशांनी कमी-जास्त झाला तरी फ्लॅप वर राहतो किंवा दांडा वाकतो. म्हणून जोडदांड्याच्या एका टोकाला गोल भोक न ठेवता तीन-चार मिमीची खाच ठेवा आणि फ्लॅपला मिटवून धरणारी हलकी टॉर्शन स्प्रिंग (पिळावर काम करणारी) लावा. शेवटचा तुकडा स्प्रिंग पुरा करते, उरलेली चाल खाचेत जिरते.

जोडदांड्याला एम४ (चार मिमी जाडीच्या स्क्रूच्या) आट्या आणि लॉकनट ठेवा. एम४ च्या दोन आट्यांमधलं अंतर ०.७ मिमी. एक पूर्ण फेरा दिला तर १२० मिमी लांब फ्लॅपचं टोक सुमारे ६ मिमी हलतं, तेव्हा पाव-पाव फेऱ्यानेच जुळवा. पिनच्या भोकात ०.२ मिमी सैलपणा राहिला तरी तो टोकाशी आठ-दहापट होऊन दिसतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये नुसतं भोक पाडून पिन घालू नका, पितळी किंवा नायलॉनचा बुश बसवा.

खऱ्या गाड्यांत याला पर्यायही आहेत. फ्लॅप नुसत्या स्प्रिंगवर ठेवून टपाच्या दांड्यावरच्या रोलरने ढकलायचा, हा स्वस्त आणि टिकाऊ मार्ग. बोडेन केबल (सायकलच्या ब्रेकसारखी आवरणातून सरकणारी तार) वळणावळणाच्या जागेत सोयीची, पण ती ताणली जाते आणि आवरणात धूळ शिरते. वेगळी मोटर लावली की सेन्सरही आला आणि चुकण्याची आणखी एक जागाही. जोडदांड्याची रचना मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते : टप जिथे, फ्लॅप तिथे, मध्ये गैरसमजाला वावच नाही.

प्रश्न : गाडी अर्ध्या उघड्या टपासह गॅरेजला येते, झाकण आभाळाकडे तोंड करून उभं, वर पाऊस. हाताने बंद करायची सुरक्षित पद्धत कोणती? — फिटर, कामठी रोड

इग्निशन बंद करा आणि दाब उतरायला काही मिनिटं द्या. बऱ्याच हायड्रॉलिक गाड्यांत पंपावर बायपास स्क्रू (तेलाचा दाब सोडून देणारा) असतो. तो अ‍ॅलन की किंवा स्क्रू ड्रायव्हरने पुस्तिकेत सांगितलाय तेवढाच ढिला करायचा, काढायचा नाही. तो सोडण्याआधी झाकणाखाली लाकडी ठोकळा लावा, कारण दाब गेला की झाकण कोसळू शकतं. पुढचं काम दोन माणसांचं : एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघांनी बरोबर उचलायचं. एकट्याने एका कोपऱ्यातून ओढलं की कमान पिळते. टप पुढे काचेच्या चौकटीवर आणून त्याचा लॉक हाताने फिरवा, मग झाकण, शेवटी मागची कमान. दांड्यांच्या सांध्यात बोट घालू नका. स्क्रू परत कसायला विसरलात तर उद्या पंप फिरेल आणि टप हलणार नाही.

इलेक्ट्रिक रचनेचं वेगळं. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये एकच मोटर लवचीक शाफ्टने दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्स फिरवते आणि तीच जोडी टप आणि झाकण दोन्ही हलवते. दांड्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे बॉल कप असतात. काही अडकलं तर आधी ते तुटतात आणि पत्रा वाचतो. कप बदलताना दोन्ही बाजूंचे बदला आणि दोन्ही गिअरबॉक्स एकाच कोनात आहेत याची खात्री करूनच शाफ्ट जोडा. एक बाजू मागे राहिली तर नवा कपही टिकत नाही.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर टप उघडा ठेवला की डावा फ्लॅप फडफडतो. गावात आवाज नाही. — वाचक, वर्धा रोड

स्प्रिंग दमली आहे किंवा फ्लॅप ज्या रबरी बटणावर टेकतो ते झिजलंय. कागदाची पट्टी फ्लॅपखाली ठेवून मिटवा आणि ओढा. उजवीकडे पट्टी अडखळत निघते आणि डावीकडे अलगद निघते, तर रबरी बटण आटे फिरवून थोडं वर घ्या. बटण स्थिर असेल तर एक मिमीची फेल्ट पट्टी पुरते. त्याहून जाड लावू नका, जोडदांड्यावर कायमचा ताण राहतो.

प्रश्न : १९५०च्या दशकात संगणक नव्हते, तरी पत्र्याचं छत डिकीत घडी होणाऱ्या गाड्या होत्या. क्रम कोण पाळायचं? — वाचक, मानेवाडा

स्विच आणि रिले. फोर्डची फेअरलेन ५०० स्कायलाइनर १९५७ ते १९५९ या काळात निघाली. तिच्या डिकीच्या झाकणाची बिजागरी मागच्या टोकाला होती आणि छताचा पुढचा सुमारे २५ सेंमीचा भाग आत दुमडायचा. एक हालचाल टोकाला पोहोचली की लिमिट स्विच दाबला जायचा, त्याने पुढचा रिले चालू व्हायचा. या व्यवस्थेला सुमारे ६१० फूट वायर लागायची. झाकण अडलं की पुढचं सगळं अडायचं, तेव्हाही आणि आजही. म्हणून काही कंपन्यांनी झाकणच काढून टाकलं : २०१२च्या बॉक्स्टरमध्ये टपाचा पुढचा भाग घडीच्या वर उपडा न पडता सरळ बसतो आणि तोच झाकणाचं काम करतो.

प्रश्न : पावसाळ्याआधी टपाच्या गाडीचं काय करावं? — वाचक, हिंगणा रोड

कप्प्याच्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या भोकांपासून सुरुवात करा. उन्हाळाभराची धूळ आणि कडुनिंबाची पानं तिथेच साचतात. प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी हळू ओता. ते गाडीखाली, बहुतेक मागच्या चाकापाशी, लगेच बाहेर यायला हवं. आलं नाही तर दोन मिमी जाडीची नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला नळीचा सांधा निसटतो आणि मग पाणी थेट गालिच्याखाली जातं. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीच्या झेड४ सारख्या गाड्यांत टपाच्या पंपाची मोटर या निचऱ्याजवळच बसवलेली आहे. नळी तुंबली की ती पाण्यात बुडते.

रबरांना सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा. सांध्यांच्या पिनांना कोरडं टेफ्लॉन स्प्रे बरं. ओलं तेल नागपूरच्या धुळीत महिनाभरात पॉलिश पेपरसारखं घासू लागतं. जुनं तेल आधी कापडाने पुसा, मगच नवं लावा. टप ओला असताना घडी करून ठेवू नका. नाइलाजाने केलीच, तर घरी पोचल्यावर पुन्हा उभारून वाळू द्या.