‘रोग नाही’ म्हणून जबाबदारी संपत नाही

प्रश्न : माझं माहेर डिचोली तालुक्यात, सासर फोंड्याला. आई 78 वर्षांची. दीड वर्षापूर्वी न्हाणीत पडून तिचा खुबा मोडला. बोलणं, हिशेब, माणसांची ओळख सगळं शाबूत आहे, पण कुणी धरल्याशिवाय तिला खाटेवरून उठता येत नाही. वडील 2018 मध्ये वारले. 2021 मध्ये आईने घर बक्षीसपत्राने भावाला दिलं. त्यात अट नाही, मात्र त्याच दिवशी भावाने ‘आईला शेवटपर्यंत सांभाळीन’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. आता तो आणि वहिनी दोन वेळचं ताट खोलीत ठेवतात आणि म्हणतात, “तिला रोग नाही, आणखी काय करायचं?” कित्येकदा ती ओल्या कपड्यांत दुपारपर्यंत पडून असते. मी काय करू?

उत्तर : ताई, ‘ओल्या कपड्यांत दुपारपर्यंत’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. भाऊ रोगाचं विचारतो. कायदा गरजेचं विचारतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीचा 2007 चा कायदा म्हणतो की, आईवडिलांना सर्वसाधारण आयुष्य जगता यावं इतकं पुरवणं ही मुलांची जबाबदारी आहे. झाकलेलं ताट ठेवलं म्हणजे ती पार पडली असं होत नाही.

म्हणून अर्जात ‘आई आजारी आहे, भाऊ बघत नाही’ असं लिहू नका. असे अर्ज मी पुष्कळ पाहिले; समोरचा औषधांची बिलं दाखवतो आणि अर्ज तिथेच ढिला पडतो. डॉक्टर मंडळी 1963 पासून एक साधी मोजपट्टी वापरतात : अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीवर बसणं, लघवी-संडासवर ताबा आणि जेवणं. या सहांपैकी आईला काय एकटीने जमतं आणि कशाला माणूस लागतो, हे गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा तिच्यावर उपचार करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरकडून लिहून घ्या. ‘समज पूर्ण शाबूत’ हेही त्यात यायलाच हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरचे हळूहळू ‘तिला काही कळत नाही’ म्हणू लागतात आणि मग अंगठे उठवले जातात.

सोबत पंधरा दिवसांची वही ठेवा. सकाळी कधी उठवलं, कपडे कधी बदलले, पाणी हाताशी होतं का. शेजारीण रोज डोकावत असेल तर तिला लिहू द्या.

अर्ज डिचोलीच्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करायचा. आईला तुम्ही फोंड्याला नेलंत तर तिथेही करता येतो. अर्जदार आईच. तिला जाता येत नसेल तर ती तुम्हाला अधिकारपत्र देऊ शकते. नोटरीला घरी बोलवा, अंगठाही चालतो. निर्वाहाची रक्कम महिना 10,000 रुपयांपर्यंतच मिळते, पण निकालाची मुदत 90 दिवसांची आहे, फार तर आणखी 30. दरम्यान अंतरिम रक्कमही मागा. दिवसभराची बाई ठेवायची तर 10,000 कमी पडतील, हे मला ठाऊक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 144 खालीही निर्वाह मागता येतो, आणि तिथे कमाल मर्यादा नाही. मात्र दोन्हींपैकी एकच वाट निवडावी लागते. भाऊ तुम्हालाही सामनेवाली करू शकतो, कारण मुलगी म्हणून जबाबदारी तुमचीही आहे. तयारी ठेवा.

आता घर. 2007 च्याच कायद्याच्या कलम 23 नुसार मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास रद्द ठरवता येते. अट दाखवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. पण 2 जानेवारी 2025 च्या उर्मिला दीक्षित निकालात बक्षीसपत्राच्याच दिवशीचं, सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र न्यायालयाने ध्यानात घेतलं, बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि आईला ताबाही परत दिला. भावाचा तो स्टॅम्पपेपर त्यामुळे सोन्यासारखा जपा. मूळ कागद त्याच्याकडे असेल तर आधी त्याची प्रत किंवा फोटो मिळवा.

शिवाय आपण गोव्यात आहोत, इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आईवडिलांच्या लग्नाला वेगळा करार नसेल आणि घर त्यांच्या सामाईक मालमत्तेतलं असेल, तर ते दोघांचं निम्मं-निम्मं. वडिलांचा निम्मा भाग तुम्हा भावंडांकडे आला. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झाली होती का? नसेल, तर आईला सगळं घर बक्षीस देताच येत नव्हतं. भावाचं लग्नही तसंच असेल तर वहिनीचाही घरात हिस्सा येतो. तिलाही पक्षकार करा. आणि भाऊ ‘हक्क सोडल्याची सही दे, मग आईला नीट बघतो’ म्हणाला तर सही करू नका.

बक्षीसपत्र रद्द करायचं की नाही, हे मात्र आईने ठरवायचं. तिला मुलगा हवा असेल, घर परत नको असेल. कायद्यात समेटाची सोय आहे. तिथे नेमकं मागा : खाटेजवळ कमोडची खुर्ची, न्हाणीत धरायला दांडा, सकाळी आठच्या आत अंघोळ आणि कपडे, दिवसा एक बाई. ठरलं ते लेखी आदेशात उतरवून घ्या. घरातल्या बोलीवर पुन्हा विसंबू नका.

वकिलाच्या फीची काळजी नको. बाईमाणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत जा. आज मात्र आधी आईशी एकटीने बोला. भाऊ-वहिनी खोलीत नसताना.