घरच्या शेतातला चिया धावणाऱ्या मुलीला कधी आणि कसा द्यावा?

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. तुम्ही म्हणताय की वाशिमकडे शेती आहे, रोही-हरणं तोंड लावत नाहीत म्हणून यंदा रब्बीत दोन एकर चिया (सब्जासारखं पाण्यात फुगणारं बारीक बी) घेतला, त्यातला थोडा घरी खायला ठेवलाय, मुलगी 15 वर्षांची, शाळेकडून 1500 मीटर धावते, आणि मोबाईलवर बघून ती रोज सकाळी ग्राउंडवर जायच्या आधी ग्लासभर पाण्यात तीन चमचे चिया टाकून पिते पण पोट जड वाटतं म्हणते. तर चिया खेळाडूंना खरंच चांगला का, आणि द्यायचा तर कसा?

चांगला आहे. पण ती चुकीच्या वेळी आणि जास्त घेतेय, बाकी काही नाही.

मी साताऱ्याला शाळेत पीटी शिकवते आणि स्वतः गेली नऊ वर्षं धावते. हीच चूक मी केलीय. हिल हाफ मॅरेथॉनच्या सकाळी, सुरू व्हायच्या तासभर आधी, मी भिजवलेला चिया चांगला वाटीभर खाल्ला, मनात एवढंच की याने दम टिकेल. यवतेश्वरचा घाट अर्धा चढले नसेन तर पोटात असा पीळ पडला की कडेला बसावं लागलं, मागची सगळी पोरं पुढे गेली. सहा महिने प्रॅक्टिस केली होती हो. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले आणि तेव्हा कळलं की दोष चियाचा नव्हताच.

हिशोब असा आहे. 100 ग्रॅम चियात कार्ब्स (पिष्टमय पदार्थ) साधारण 42 ग्रॅम असतात, पण त्यातले 34 ग्रॅमच्या आसपास निव्वळ फायबर, न पचणारा चोथा, म्हणजे पचून ताकद देणारे उरतात जेमतेम 8 ग्रॅम. आता जेवणाचा एक मोठा चमचा म्हणजे 12 ग्रॅम धरा, त्यात धावायला कामाला येणारे कार्ब्स किती, तर 1 ग्रॅम! एका मध्यम केळ्यात 20 ग्रॅमच्या वर असतात. आणि चियात फायबरच्या जोडीला तेलही भरपूर, 100 ग्रॅममध्ये 31 ग्रॅम, या दोन्ही गोष्टी पोट सावकाश रिकामं करतात. एरवी ते चांगलंच, भूक लवकर लागत नाही, पण धावताना रक्त सगळं पायाकडे चाललेलं असतं आणि पोटात ते बुळबुळीत जेल तसंच पडून, मग जड वाटणार नाही तर काय होणार.

लोक मग मेक्सिकोच्या त्या धावणाऱ्या आदिवासींचं उदाहरण देतात, तुमच्या मुलीनेही तेच बघितलं असणार. ते खरं आहे, पण अर्धंच सांगतात. चिहुआहुआ राज्यातल्या खोल दऱ्यांमध्ये रारामुरी लोक राहतात, बाहेरचे त्यांना ताराहुमारा म्हणतात, ते चिया पाण्यात भिजवून त्यात लिंबू आणि साखर घालून पितात, त्याला इस्कियाते म्हणतात. 1993 साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लेडव्हिलच्या 100 मैलांच्या शर्यतीत त्यांच्यातलाच विक्टोरियानो चुर्रो पहिला आला, वय 55, पायात साध्या चपला. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, आजही येतो. पण ही माणसं रोज जेवतात काय? मका आणि घेवडा. 1979 मध्ये त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला त्यात दिसलं की एकूण उष्मांकांपैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त कार्ब्समधूनच येतात. भाजलेल्या मक्याचं पीठ ते पाण्यात कालवून पितात, पिनोले म्हणतात त्याला, अगदी आपल्या सातूच्या पिठासारखं. म्हणजे पळवतो तो मका, आणि इस्कियातेमधली साखर. चिया सोबतीला आहे. आणि ते दिवसदिवस सावकाश धावणारे लोक, तुमची मुलगी पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळणार, दोन्हीची पोटाकडून अपेक्षाच वेगळी.

प्रयोगही झालेत. 2011 मध्ये एक छापून आला, धावपटू फक्त 6 होते हे लक्षात ठेवा, त्यांना शर्यतीच्या आधीचे दोन दिवस एकदा नुसतं स्पोर्ट्स ड्रिंक दिलं आणि एकदा अर्धं ड्रिंक अर्धा चिया. एक तास पळवून मग 10 किमी जोरात धावायला लावलं, वेळेत काही फरक पडला नाही. काहीजण याचा अर्थ चिया ड्रिंकइतकाच भारी असा लावतात, मी एवढाच लावते की नुकसान झालं नाही. पुढे 2015 मध्ये चियाचं तेल देऊन बघितलं, रक्तात त्यातलं ओमेगा-3 (शरीराला लागणारा तेलातला एक घटक) खूप वाढलं पण धावायची क्षमता होती तेवढीच राहिली. म्हणून कोणी म्हणालं की चिया खाल्ल्याने स्पीड वाढतो तर त्यावर विसंबू नका.

मग कशाला द्यायचा? तर रोजच्या खाण्यात भर म्हणून. एका मोठ्या चमच्यात फायबर 4 ग्रॅम, ओमेगा-3 (वनस्पतीत असतं ते, एएलए) 2 ग्रॅम, कॅल्शियम 75 मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियमही बऱ्यापैकी. एवढ्याशा बियांत हे काही कमी नाही. प्रोटीनचा मात्र फार गवगवा करतात, एका चमच्यात ते 2 ग्रॅम, अंड्यात 6. त्यामुळे डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांच्या जागी चिया द्यायचा नाही, त्यांच्या जोडीला द्यायचा.

माझ्या मुलींना मी असं सांगते की संध्याकाळी प्रॅक्टिसवरून आल्यावर वाटीभर दही, त्यात एक केळं कुस्करून, थोडा गूळ, आणि आधी भिजवून ठेवलेला एक चमचा चिया. केळ्या-गुळाने थकवा भरून येतो, दह्याने प्रोटीन मिळतं. भिजवताना एक चमच्याला दहा-बारा चमचे पाणी किंवा दूध लागतं, टाकल्यावर पाच मिनिटांनी परत एकदा नीट ढवळायचं, नाहीतर खाली गठ्ठा होतो, मग अर्धा तास ठेवायचं. दुसरं म्हणजे लाडू, खजूर आणि भाजलेले शेंगदाणे मिक्सरला लावून त्यात चियाची भरड, डब्यात न्यायला एकदम सोपं, फक्त सोबत पाणी प्यायला सांगा. भरड करायचं कारण असं की अख्खं बी नीट चावलं गेलं नाही तर बरंचसं तसंच बाहेर पडतं, दळलेल्यातून ओमेगा-3 जास्त अंगी लागतं. पण आठवड्यापुरतंच दळा आणि फ्रिजमध्ये ठेवा, तेलाचं बी आहे, खवट होतं.

कोरडा चमचा तोंडात टाकून वर पाणी प्यायचं, हे कधीही नको. आपल्या वजनाच्या दहापट पाणी पितं ते. अमेरिकेत 2014 साली एका 39 वर्षांच्या माणसाने असंच केलं आणि अन्ननलिकेतच फुगून अडकलं, डॉक्टरांना आत दुर्बीण घालून ते मोकळं करावं लागलं.

आणि तुम्ही शेतकरी आहात म्हणून मुद्दाम सांगते, पेरणीसाठी आणलेलं, औषध लावलेलं बियाणं उरलं असेल तर ते घरातल्या खाण्याच्या डब्याजवळसुद्धा ठेवू नका. मळणीचा मालही चाळून, पाखडून, माती-खडे काढूनच खायला घ्या. घरात जवस असेल तर तोही द्या, चियापेक्षा त्यात ओमेगा-3 थोडं जास्तच असतं आणि आपल्या आज्या चटणी करायच्याच की.

ग्राउंडवर जायच्या आधी आता काय द्यायचं, तर तासभर आधी एक केळं, किंवा दोन-तीन खजूर, किंवा गूळ लावलेली अर्धी पोळी, आणि पाणी. बस. शर्यतीच्या आदल्या रात्रीपासून चिया बंद ठेवा. सुरुवातीला रोज एकच चमचा, पोट सरावलं की दीड, तीन चमचे नकोच या वयात. दिवसभर पाणी मात्र भरपूर, फायबर वाढवलं आणि पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मला चियापेक्षा तिची जास्त काळजी वाटते. या वयाच्या मुलींना दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागतं, पाळी सुरू झालेली असते, वर धावणं. चियाच्या चमच्यात लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि बियांमधलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, म्हणून सोबत लिंबू, पेरू, आवळा असं काहीतरी आंबट हवं आणि जेवणाला लागून चहा नको. माझ्याकडच्या दोन मुली सारख्या दमायच्या, आम्ही सरावाला दोष देत बसलो, तपासलं तर हिमोग्लोबिन 9 च्या खाली. गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांत त्यांचं पळणं बदललं, मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा पुढच्या स्पर्धेची वाट न बघता याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात तिची रक्ताची तपासणी करून घ्या, आणि आकडा कमी आला तर डॉक्टरांना ती धावते हे आवर्जून सांगा.