जांघेतील हर्निया आणि जाळीची धास्ती

प्रश्न : माझे वय ५४ असून मखमलाबाद शिवारात माझी द्राक्षबाग आहे. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर आपोआप आत जातो. दुखणे फारसे नाही. डॉक्टरांनी हर्नियाचे निदान करून जाळी बसवण्याचा सल्ला दिला आहे; परंतु जाळी शरीरात कुजते व आयुष्यभर दुखते, असे नातेवाईक सांगतात. जाळीशिवाय शस्त्रक्रिया होते का? आणि माल उतरेपर्यंत थांबले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबण्याविषयी आपण शेवटी विचारले असले, तरी त्याचे उत्तर आधी देणे मला आवश्यक वाटते. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांना केवळ देखरेखीखाली ठेवल्यास काय होते, हे उत्तर अमेरिकेत सुमारे ७२० जणांवर, त्यांतील निम्म्यांची शस्त्रक्रिया करून व निम्म्यांना देखरेखीखाली ठेवून, तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. देखरेखीखालील गटात हर्नियात उतरलेले आतडे अडकून तातडीची वेळ येण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी निघाले. मात्र दहा वर्षांत या गटातील बहुतेकांनी, मुख्यतः दुखणे वाढल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळे आपल्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर हंगाम उरकेपर्यंत थांबता येईल; भरलेले क्रेट मात्र दुसऱ्या कोणाला उचलू द्यावेत. फुगवटा टणक होऊन आत जाईनासा झाला, सतत दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरणे बंद झाले, तर तो दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न न करता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे, मग बागेत तोडणी ऐन भरात का असेना. (स्त्रियांच्या बाबतीत आतडे अडकण्याचा धोका अधिक असल्याने त्यांनी थांबू नये.)

आता जाळीविषयी. पूर्वी स्नायूंच्या कडा ओढून एकमेकींना शिवत असत. त्या शिवणीवर ताण येई, टाके हळूहळू मांस कापत जात आणि हर्निया पुन्हा उद्भवे. १९८०च्या दशकात अमेरिकी शल्यविशारद लिक्टेनस्टाइन यांनी कडा न ओढता कमकुवत जागेवर जाळी अंथरण्याची पद्धत रूढ केली. ही जाळी बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची असते. ती कुजत नाही. तिच्या छिद्रांतून शरीराचेच तंतू वाढतात आणि तेथे भक्कम पडदा तयार होतो. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, दोंडाईचा येथे, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड जाळी म्हणून वापरून ही शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आणली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतर दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

दुखण्याची भीती मात्र अनाठायी नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही काही ना काही दुखत राहणारे साधारणतः दहात एक असतात. रोजचे काम अडावे इतका त्रास त्याहून बऱ्याच कमी जणांना होतो. याचे खापर एकट्या जाळीवर फोडता येत नाही. जांघेतून तीन बारीक नसा जातात आणि त्या दुखावल्या अथवा टाक्यात सापडल्या, तर जाळीविना केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही दुखते. म्हणूनच जाळी कोणत्या कंपनीची, यापेक्षा अशा शस्त्रक्रिया आपण नियमित करता का, हे शल्यविशारदांना विचारणे मला अधिक मोलाचे वाटते.

जाळीशिवायच्या पद्धती आहेत. कॅनडातील, स्नायूंचे थर एकावर एक शिवणारी शोल्डाइस पद्धत आणि पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची, पोटाच्या स्नायूचाच पातळ पट्टा वापरणारी पद्धत या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांत हातखंडा असलेले शल्यविशारद मिळत असतील, तरच हा मार्ग धरावा.

एका बाजूचा पहिलाच हर्निया असल्यास छेद घेऊन, केवळ जागा बधिर करूनही जाळी बसवता येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस कामावर लवकर परततो, पण तिला सहसा पूर्ण भूल लागते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, तर ती विशेष सोयीची ठरते.

तंबाखू किंवा मिश्रीची सवय असल्यास ती आजच सोडावी, मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी, कारण जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदांवर जाळीचा प्रकार व शस्त्रक्रियेची पद्धत लिहून घ्यावी. पुढे कधी त्याच जागी उपचार करावे लागले, तर ती नोंद उपयोगी पडते.