लेक नववीत, वेड रानाचं: बावड्याच्या ताईंना उत्तर

कसबा बावड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी नववीत, सुट्टीत गारगोटीकडं आजोळी गेली की आजोबांच्या मागं मागं बांधावर, आणि आता मोबाईलवर तिनं अमेरिकेतल्या पोरांच्या स्पर्धा बघितल्यात ज्यात पोरं ठसे ओळखतात, नकाशा घेऊन वाट काढतात, नेमबाजीपण करतात. ताई विचारतात, आपल्याकडं असलं काही असतं का, त्यानं करिअर होतं का, आणि घरातले म्हणतात पोरीच्या जातीला जंगलातली नोकरी कशाला, त्यांना काय सांगू.

ताई नमस्कार. लेकीनं जे बघितलंय त्यात दोन-तीन वेगळ्या स्पर्धांची सरमिसळ झालीय असं वाटतंय. नेमबाजीवाली आहे ती शिकारीचं शिक्षण घेतलेल्या पोरांची, त्यात बंदूक, धनुष्यबाण आणि जोडीला प्राणी ओळखणं, होकायंत्रावर वाट काढणं, सुरक्षिततेचे नियम असं सगळं येतं. तिकडं परवाना काढून शिकार करणं कायदेशीर आहे आणि १९३७ च्या एका कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडं जातो, त्यामुळं शिकारी आणि संवर्धनवाले तिथं एकाच पंगतीला बसलेले दिसतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, विषय मिटला. आपलं दाजीपूरच बघा की, कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं ते, १९५८ मध्ये अभयारण्य झालं. तेव्हा तो बंदुकीचा भाग सोडून द्या.

दुसरी म्हणजे एनव्हायरोथॉन, १९७९ मध्ये पेनसिल्वेनियात सुरू झालेली, पाच पोरांची टीम आणि विषय माती, जंगल, पाण्यातलं जीवन, वन्यजीव, वर एखादा चालू प्रश्न. पण मला सगळ्यात आवडते ती तिसरी, फोर-एच नावाची तिकडं पोरांची मोठी चळवळ आहे त्यांची अधिवासाची, म्हणजे प्राण्यांच्या राहण्याच्या जागेची, स्पर्धा. यात प्राणी ओळखणं असतंच, पण खरी मजा पुढं आहे. पोरांना एका जमिनीवर नेऊन उभं करतात, कुठले प्राणी-पक्षी इथं वाढवायचेत किंवा कमी करायचेत ते सांगतात, मालकाला काय पाहिजे ते सांगतात, आणि मग टीमनं बसून त्या जमिनीचा आराखडा लिहायचा. इथं पाणी कमी पडतंय का, लपायला झुडूप आहे का, वाळलेलं झाड तोडायचं की घुबडासाठी ठेवायचं. वर परीक्षकासमोर एकेकानं उभं राहून तोंडी सांगायचं, हेच का आणि ते का नाही.

हे जे ‘का’ आहे ना, तेच या क्षेत्रातलं काम आहे. आपल्याकडं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताहाला चित्रकला, निबंध, प्रश्नमंजुषा होतात, डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडियाची वाइल्ड विजडम क्विझ आहे, भाग घ्या जरूर, पण खरं सांगू का, यात बहुतेक नावं आणि माहिती पाठ असली की बक्षीस मिळतंय. त्यापेक्षा राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचे प्रकल्प मला जवळचे वाटतात, १० ते १७ वयाच्या पोरांसाठी असतात, आपल्या भागातला प्रश्न घ्यायचा, निरीक्षण करायचं आणि मांडायचं. यंदा आहे का ते शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारा.

आणि स्पर्धा नसली तरी अडत नाही हो, आजोळ भुदरगडात आहे म्हटल्यावर तुमच्याकडं अमेरिकेपेक्षा भारी मैदान आहे! आजोबांच्या शेतात गवा येतो असं तुम्हीच लिहिलंय. मग लेकीला सांगा दिवाळीच्या सुट्टीत त्या शेताचा कागदावर नकाशा काढ. ऊस कुठं, पाणी कुठं, जंगलाची कड किती लांब, गवा कुठल्या बाजूनं शिरतो, कुठल्या महिन्यात जास्त, कुठलं पीक खातो आणि कुठलं नुसतं तुडवतो. शेजारच्या चार शेतकऱ्यांना विचार. नुकसान झाल्यावर वनखात्याकडं अर्ज, पंचनामा, भरपाई हे कसं होतं ते आजोबांकडून समजून घे, कुणाला वेळेत पैसे मिळाले, कुणाला नाही तेपण लिही. मग उपाय सुचव, प्रत्येक उपायाला खर्च किती आणि त्यात खोट काय ते लिहायचं, कुंपण घातलं तर गवा शेजाऱ्याच्या उसात जाणार ना? शेवटी आजोबांना परीक्षक करा, ते सोडणार नाहीत तिला. फक्त एक, हे सगळं दिवसा आणि मोठ्या माणसाबरोबर, गवा दिसला की लांबूनच मागं फिरायचं, व्हिडिओ काढत थांबायचं नाही.

गवा कोल्हापूर शहरात आला होता तेव्हाची गर्दी आठवत असेल तुम्हाला, त्या दिवसांत वनखात्याला गव्यापेक्षा मोबाईल घेऊन धावणारी माणसं आवरणं जास्त अवघड गेलं असणार. आजरा-चंदगडला हत्तींचं तेच. वन्यजीव व्यवस्थापन म्हणजे निम्मं काम माणसांचं, हे लेकीला आत्ताच कळू दे, कारण ‘मला माणसं नकोत, प्राणी आवडतात’ म्हणून या लाईनीत आलेली पोरं लवकर वैतागतात.

रानातल्या कौशल्यांचं थोडक्यात सांगतो. पन्हाळा ते पावनखिंड मोहीम चांगलीच आहे पण तिथं शेकडो लोकांच्या मागनं चालायचं असतंय, वाट काढायला शिकत नाही कुणी. त्याऐवजी सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे डोंगर-उतार दाखवणारा नकाशा, ऑनलाइन मिळतंय, ते घेऊन समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचायला शिका, भूगोलाचे मार्क पण वाढतील. शाळेत स्काऊट-गाइड असेल तर घाला, प्रथमोपचार आणि गाठी तिथं नीट शिकवतात. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्ष्यांची मोजणी असते चार दिवस, कळंबा तलावावर नाहीतर विद्यापीठाच्या आवारात पहाटे जाऊन मोजणी करायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच मजा येते, चौथ्या दिवशी तेच बगळे मोजायला स्वतःहून उठली तर समजा पोरगी टिकणार.

आता करिअर. स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर नोकरी नाही आणि ॲडमिशन पण नाही, हे स्पष्ट बोलतो. दहावीनंतर सायन्स घ्या, बायो आणि मॅथ्स दोन्ही ठेवता आले तर बघा. बारावीनंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची डिग्री आहे. प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं तर NEET ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आपल्याला जवळ आहे. नाहीतर साधी बीएस्सी करून पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, दोन्हीकडं वन्यजीवाची एमएस्सी आहे, पण जागा मोजक्याच आणि चुरस भयंकर. सरकारी वाट म्हणजे वनरक्षक, एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, यूपीएससीतून भारतीय वन सेवा. सगळीकडं भरती दरवर्षी होईलच असं नाही, म्हणून हातात दुसरी डिग्री-नोकरी चालेल असा विषय ठेवायचा.

घरच्यांसाठी एवढंच, महाराष्ट्रात सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, वनरक्षकापासून वर सगळीकडं बायका काम करतायत, आणि वन सेवेच्या निवडीत चार तासांत पुरुषांनी २५ आणि महिलांनी १४ किलोमीटर चालून दाखवायचं असतं. आजोबांना सांगा पोरीला बांधावर आणखी फिरवा.

आणि कॅमेऱ्याचा हट्ट धरला असेल तर तूर्त नको, त्या पैशात ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) बरी दुर्बीण आणि एक जाड वही येईल. गणिताचा क्लास मात्र बंद करू नका, प्राण्यांची मोजणी पुढं सगळी स्टॅटिस्टिक्सवर चालते.