जलतरण तलावाच्या इमारतीला जमिनीतील उष्णता पुरते का?

जलतरण तलाव, व्यायामशाळा, क्रीडासंकुल अशा सार्वजनिक इमारती जमिनीच्या उथळ थरांतील उष्णतेवर खरोखर तापवता येतात का, की हे केवळ ज्वालामुखींच्या देशांनाच साधते, असा आपला प्रश्न आहे. मी इंग्लंडमध्ये इमारतींच्या हीटिंग यंत्रणांचे आराखडे करतो. माझ्या मते ज्वालामुखीची मुळीच गरज नाही, आणि तलावाइतकी या उष्णतेला अनुकूल इमारत क्वचितच सापडते. मात्र जमिनीचा हिशेब आधी मांडावा लागतो.

ब्रिटनमध्ये दहा-पंधरा मीटर खाली गेल्यावर जमिनीचे तापमान वर्षभर १० ते १२ अंशांच्या आसपास स्थिर राहते. (कोकणातील उन्हवरे किंवा तुरळ येथील गरम झरे वेगळे, ते पाणी फार खोलवर जाऊन तापून वर येते.) हीट पंप ही कमी तापमानाची उष्णता गोळा करून वरच्या तापमानाला नेतो, आणि किती वर न्यायची यावर विजेचा खर्च ठरतो. खोल्या तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरना ७०-८० अंशांचे पाणी लागते. तलावाचे पाणी मात्र २८-२९ अंशांवर राखायचे असल्याने ३५-४० अंशांचा पुरवठा पुरतो, आणि एक युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता मिळू शकते. शिवाय तलाव बाराही महिने तापवावा लागतो, त्यामुळे महागडे बोअर (जमिनीत खोल पाडलेली छिद्रे, ज्यांतील नळ्यांतून पाणी फिरवून जमिनीची उष्णता घेतात) उन्हाळ्यात पडून राहत नाहीत.

अडचणही नेमकी येथेच आहे, कारण जमिनीलाही उसंत मिळत नाही. समजा १०० किलोवॅट उष्णता हवी आहे. त्यातील सुमारे ७५ किलोवॅट जमिनीतून येणार, उरलेले विजेतून. बोअरच्या दर मीटरमागे ४० वॅट धरले तर १०० मीटर खोलीचे १९ बोअर लागतात, आणि वर्षभर अखंड उपसा असेल तर त्याहून बरेच अधिक. अन्यथा भोवतालची जमीन वर्षागणिक थंड होत जाते. म्हणून उन्हाळ्यात व्यायामशाळेच्या वातानुकूलनातून निघणारी उष्णता त्याच बोअरमध्ये परत सोडावी, असा माझा आग्रह असतो. शेजारी बर्फाची स्केटिंग रिंक असेल तर फारच उत्तम, कारण ती अहोरात्र उष्णता बाहेर टाकत असते.

जेथे भूगर्भात भरपूर पाणी आहे, तेथे ते थेट वापरता येते. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे जुन्या कोळसा खाणींत साचलेले सुमारे १५ अंशांचे पाणी जवळजवळ १५० मीटर खोलीवरून उपसतात, ६ मेगावॅटच्या हीट पंपाने त्यातील उष्णता काढतात आणि पाणी पुन्हा खाणींत सोडतात. २०२३ मध्ये सुरू झालेली ही योजना बाल्टिक कलादालनासारख्या सार्वजनिक इमारतींना उष्णता पुरवते. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराचे भाग्य याहून मोठे. तेथील यारागाडी जलधरातून (भूगर्भातील पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरातून) ४० ते ५० अंशांचे पाणी मिळते, उष्णता-विनिमयकातून, म्हणजे दोन पाणी न मिसळता उष्णता देणाऱ्या उपकरणातून, तलावाला ऊब देते आणि परत भूगर्भात जाते. १९६२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या बीटी पार्कचे तलाव असेच तापवले जातात. मात्र ते बोअर एक किलोमीटरच्या आसपास खोल असल्याने त्यांना उथळ म्हणता येणार नाही.

आपण एखाद्या प्रत्यक्ष इमारतीचा विचार करत असाल, तर बोअरच्या आधी तलावावरील आच्छादनाची चौकशी करावी. तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाणी उडाले की सुमारे ०.६७ युनिट उष्णता गेली. रात्री तलाव झाकणे आणि बाहेर जाणाऱ्या दमट हवेतील उष्णता परत मिळवणे, एवढे केल्यावर उरणारी गरज तासागणिक मोजावी. मग एक चाचणी बोअर घेऊन, त्यात दोन-तीन दिवस गरम पाणी फिरवून, जमीन उष्णता किती सहज वाहून नेते ते पाहावे, आणि त्यानंतरच बोअरची संख्या ठरवावी.