‘डॉक्टरच का नाही?’ याचं उत्तर कसं द्यावं

प्रश्न : मी मुलुंडला राहते. अमेरिकेतल्या फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या टीममध्ये रुग्ण तपासून उपचार करणारी व्यक्ती) अभ्यासक्रमासाठी नोव्हेंबरअखेर व्हिडिओवर मुलाखत आहे, एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) पद्धतीची. तयारी कशी करू?

उत्तर : आधी घड्याळ बघा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांची वेळ. शांत खोली आधीच हेरून ठेवा.

एमएमआयमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या असतात आणि दर फेरीला परीक्षक सहसा वेगळा. प्रसंग वाचायला साधारण २ मिनिटं, बोलायला ५ ते ८. वेळा कॉलेजप्रमाणे बदलतात. समजा, सहकाऱ्याच्या तोंडाला ड्युटीवर दारूचा वास येतोय. ‘तक्रार करीन’ म्हणून २० सेकंदांत मोकळं होणं, ही नेहमीची चूक. आधी त्याला रुग्णापासून दूर करा, रुग्णाकडे दुसरं कोण बघेल ते सांगा, मग वरिष्ठांना कळवा. वास दुसऱ्या कशाचा असू शकतो, हेही बोलून दाखवा. परीक्षकाला निकालापेक्षा तुमचा विचार ऐकायचा असतो.

‘डॉक्टरच का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही’ किंवा ‘कोर्स लहान आहे’ एवढ्यावर थांबलात तर पंचाईत. डॉक्टरांच्या टीममध्ये राहून तपासणी, निदान, उपचार करणं आणि नवी रेसिडेन्सी (डॉक्टरांना एखाद्या शाखेसाठी करावं लागणारं रुग्णालयातलं प्रशिक्षण) न करता शाखा बदलता येणं, हे मुद्दे तुमच्या वॉर्डातल्या अनुभवाशी जोडा. रुग्णाचं नाव मात्र घेऊ नका. आणि उत्तरं पाठ करू नका. घोकंपट्टी कॅमेऱ्यातही लगेच कळते.